मातीचा कॅमेरा

आमच्या घरात दोन कॅमेरे होते, पण त्यांतला एक कधी घराच्या आत येत नसे. तो मागच्या अंगणात, न्हाणीच्या भिंतीला ठोकलेल्या खुंटीवर, कातडी खोळीत लटकलेला असायचा. पावसाळ्यात माय त्याच्यावर खताची रिकामी पिशवी घालायची, तीही हात न लावता, काठीने. दुसरा कॅमेरा लग्नाचा. तो समोरच्या खोलीत काचेच्या कपाटात फ्लॅशसकट ठेवलेला असे आणि दसऱ्याला त्याच्यावर झेंडूचं फूल वाहिलं जाई. बाळापुरात आणि आसपासच्या गावांत सगळे दादांना, म्हणजे माझ्या वडिलांना, ओळखायचे आणि त्यांच्या दोन्ही कॅमेऱ्यांनाही ओळखायचे. आमच्याकडे अंत्यविधीला माती म्हणतात, अमक्याच्या मातीला जाऊन आलो असं म्हणतात. म्हणून खुंटीवरचा तो मातीचा कॅमेरा. लग्नाचं ठरवायला आलेला माणूस चहा पिता पिता हळूच विचारायचा, "फोटोवाले, त्यो मातीचा तर न्हाई ना आणणार मांडवात?" दादा कपाट उघडून दाखवायचे. "हा बघा. यानं अजून रडका माणूस बघितला न्हाई." एकदा एका नवरीच्या मामाने विचारलं, "अन् पोरगी सासरी निघती तवा?" दादा म्हणाले, "तवा मी झाकण लावतो."

मातीच्या कॅमेऱ्याला काम कमी नव्हतं. आयुष्यभर कधी फोटो न काढलेली म्हातारी माणसं गेली की पोरांना एकदम फोटो हवा असायचा. मग दादा जाऊन त्या म्हाताऱ्याला खांबाला टेकवून बसवायचे, फेटा बांधायला लावायचे, हनुवटी खाली पडू नये म्हणून मागून कुणाला तरी धरायला सांगायचे. शिवाय ठाण्यातून बोलावणं यायचं. हमरस्त्यावर ट्रकखाली आलेले, विहिरीत सापडलेले, लिंबाला लटकलेले. दादा घरी आले की माय त्यांना मागच्या दाराने घ्यायची, वरून बादली ओतायची, कॅमेऱ्यावर गोमूत्र शिंपडायची आणि म्हणायची, "आधी त्या मढ्याच्या डबीला टांगा, मग बोला." आंघोळ झाली की दादा थेट ताटावर बसायचे. त्यांना भूक लागलेली असायची. रविवार असेल तर मटणाचा रस्सा असायचा. भाकरी कुस्करून त्यात भिजवून, नळी ताटावर आपटून तिच्यातला गर सुर्र करून ओढत ते त्या दिवशीच्या प्रेताची हकिगत सांगत. पोट कसं फुगलं होतं, डोळा कुठे होता, मुंग्या कुठून निघत होत्या. डेव्हलपरमध्ये बोटं बुडवून त्यांची नखं तपकिरी झालेली होती, आणि त्या नखांनी ते वाटीच्या तळाचं पुसून घ्यायचे.

माय म्हणायची, "गिळू द्या की त्या पोराला. तुमची मढी त्याच्या पोटात जाऊन राहिलीत."

"मढं काय करतं?" दादा म्हणायचे. "जे करतो ते जित्ता माणूस करतो."

मला ओकारी यायची. टोपलीतल्या ज्या भाकरीला त्यांचा हात लागला ती मी उचलत नसे, खालची ओढून काढत असे. आमच्या घराला फोटो धुवायच्या हायपोचा आंबट वास कायमचा मुरलेला होता, त्याचं मला काही वाटत नव्हतं, पण दादांच्या अंगाला साबणाखालून दुसराच वास येतो अशी माझी खात्री होती. मी खालची भाकरी ओढतो हे मायला दिसायचं. दादांनाही दिसत असणार, हे मला आता स्वतःच्या मुलाकडे बघताना कळतं. त्यांनी टोपली कधी माझ्यापासून दूर सरकवली नाही आणि कधी जवळही केली नाही.

आता शटरबद्दल सांगायला हवं, कारण सगळं त्यावरच अडलं. हल्ली मोबाइल पुढे धरला की फोटो येतो. माझा मुलगा जेवायच्या आधी ताटाचे फोटो काढतो, आणि उजेड किती, हात हलला का, याचा त्याला विचार करावा लागत नाही. आमच्या वेळी कॅमेऱ्याच्या डोक्यावर एक चकती असायची. तिच्यावर आकडे. आठ म्हणजे सेकंदाचा आठवा भाग पडदा उघडा राहणार, पंधरा म्हणजे पंधरावा, आणि असं वाढत वाढत दोनशेपन्नास, पाचशेपर्यंत. आकडा मोठा तितका पडदा कमी वेळ उघडा, तितका उजेड आत कमी. आकडा लहान केला तर उजेड पोटभर मिळतो, पण तेवढा वेळ कॅमेरा तसूभरही हलता कामा नये. दादांनी मला हे पुस्तकातून शिकवलं नाही. "बसलेली म्हातारी तीसवर," ते सांगायचे, "उभं लेकरू एकशेपंचवीसवर, वरातीत नाचणारी पोरं दोनशेपन्नासवर. अन् माती पंधरावर." मातीच्या कॅमेऱ्याला फ्लॅश नव्हता. फ्लॅश एकच होता आणि तो लग्नाचा. त्याला प्रेताची सावली लागलेली कुणी खपवून घेतली नसती. स्टँडही चालत नसे, कारण प्रेत जमिनीवर असतं आणि त्याच्या दोन बाजूंना दोन पाय ठेवून वाकून फोटो घ्यावा लागतो. म्हणून पंधरावर हात स्थिर ठेवायची एकच रीत होती. छाती पूर्ण भरून श्वास घ्यायचा, त्यातला अर्धा सोडायचा, उरलेला धरून ठेवायचा आणि मग बटण दाबायचं. "त्यो हलत न्हाई," दादा म्हणायचे, "हलतो आपुन." मी ही रीत मांजरावर, घागरीवर, झोपलेल्या मायवर शिकलो आणि चांगली शिकलो. फक्त ज्या कामासाठी ती होती त्या कामाला मी कधी जात नसे. काहीतरी कारण सांगून टाळायचो.

ते वैशाखातले दिवस होते. मी बारावीला आपटून घरीच होतो. दादा लग्नाचा कॅमेरा आणि फ्लॅश घेऊन कळमनुरीकडे एका लग्नाला गेले होते. दुपार कलल्यावर ठाण्यातले जमादार मोटारसायकलवर आले. कयाधू नदीच्या डोहात एक माणूस सापडला होता, ओळख पटत नव्हती.

"दादा न्हाईत? मग तू चल."

माय दारात आडवी झाली. "त्याला नका नेऊ, जमादार. त्याला सोसत न्हाई."

"मावशी, सोसतं कुणाला? आमी काय हौसेनं येतो का? दोन दिवस पाण्यात हाय त्यो. आज तोंड हाय त्याला, उद्या ऱ्हाणार न्हाई. घरच्यांनी ओळखायचं कशावरून?"

मी खुंटीवरून खोळ काढली. ती माझ्या खांद्याला लागू नये म्हणून सबंध रस्ताभर मोटारसायकलवर हात लांब धरून बसलो.

दोरीने ओढून त्याला नदीकाठच्या करंजाखाली ठेवलं होतं. ओढणारी माणसं नाकाला फडकी बांधून वाऱ्याच्या वरच्या अंगाला लांब बसली होती. डॉक्टर येऊन आपलं काम उरकून घाईने निघून गेले होते. शेजारी खड्डा खणून तयार होता, कारण असलं प्रेत कुठे नेता येत नाही. अंगावर बनियन आणि पट्ट्याची चड्डी, आमच्या भागातल्या निम्म्या पुरुषांच्या अंगावर असते तशी. वास सांगून सांगता येणार नाही. तो नाकात राहत नव्हता, जिभेवर बसत होता, गोडसर. माशांचा आवाज गिरणीच्या पट्ट्यासारखा एकसारखा चालला होता. उन्हं झाडामागे गेली होती आणि करंजाची सावली दाट होती. उजेड पाहिल्याबरोबर मला कळलं, पंधरा. मी चकती पंधरावर आणली. एक पाय इकडे, एक पाय तिकडे ठेवला. श्वास घ्यायला तोंड उघडलं, आणि तो वास घशात उतरला.

मी बाजूला जाऊन ओकलो. पुन्हा आलो, पुन्हा पाय ठेवले, पुन्हा तोंड उघडलं. छाती भरेना. ते जे समोर होतं ते मला आत घ्यायचं होतं, पूर्ण छातीभर, आणि त्यातलं अर्धं धरून ठेवायचं होतं. माझ्याच्याने ते झालं नाही.

"आवर बाबा," जमादार लांबून म्हणाले. "मलाबी घर हाय."

मी चकती फिरवली. तीस, साठ, एकशेपंचवीस, दोनशेपन्नास. दोनशेपन्नासला श्वास लागत नाही. एका हाताने नाकावर रुमाल दाबून दुसऱ्या हाताने बटण मारता येतं. उजेड आत जाणार नाही, फोटोत काही येणार नाही, हे मला त्या क्षणी पूर्ण माहीत होतं. घाबरून माझ्याकडून चूक झाली असं मी नंतर पुष्कळ वर्षं स्वतःला सांगून पाहिलं, पण तसं नव्हतं. मी मोजून, समजून आकडा निवडला. कॅमेरा अंदाजाने खाली धरला, स्वतःचं तोंड नदीकडे वळवलं, डोळे मिटले आणि चार-पाच वेळा बटण दाबलं. कॅमेऱ्याच्या खिडकीतून मी एकदाही पाहिलं नाही.

"आला का चेहरा?"

"आला."

जमादारांनी शेजारच्या लिहिणाऱ्या शिपायाला सांगितलं, "तोंडाचं फोटोत हाय, पुढं चल." सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. त्यांच्यापैकी कुणालाही आता वाकून पाहायची गरज उरली नव्हती. ते काम मी केलं होतं. आम्ही निघायच्या आत खड्डा भरला गेला.

दुसऱ्या दिवशी दादांनीच रीळ धुतलं. ओली पट्टी त्यांनी दारातल्या उजेडाकडे धरली आणि बराच वेळ धरून ठेवली. तिच्यावर काही नव्हतं, धुतलेल्या काचेसारखी ती आरपार दिसत होती. तरीही लाल दिव्याखाली त्यांनी जे जे कागद होते ते वापरून पाहिले. काळ्या चौकोनात बनियनचा एक राखी डाग आला आणि त्याच्यावर जिथे माणूस असायला हवा तिथे काळं.

"किती ठेवलं हुतं?"

"पंधरा."

"मला सांगून राहिला व्हय?"

"दोनशेपन्नास."

"काहून?"

मी म्हणालो, "वास येत होता."

दादांनी पट्टी चिमट्याला लावली. शिवी दिली नाही, हात उगारला नाही. संध्याकाळी ते स्वतः ते काळे फोटो ठाण्यात देऊन आले. रीळ जुनं होतं, खराब निघालं, असं त्यांनी सांगितल्याचं मला जमादारांकडून कळलं. इतक्या वर्षांच्या त्यांच्या कामात कुणी त्यांच्या तोंडून असलं ऐकलं नसेल.

नदीला पाणी येऊन गेल्यावर, करंजाखालचा काठ त्या खड्ड्यासकट खचून वाहून गेल्यावर, एक बाई तिच्या दिराबरोबर आमच्या फोटोच्या दुकानात आली. नरसीकडच्या एका वाडीवरचं मेंढपाळाचं घर. बाईचं नाव कौसा. वयाने माझ्यापेक्षा दोन-चार वर्षांनीच मोठी असेल. तिचा नवरा बहिणीला भेटून येतो म्हणून वैशाखात निघाला होता आणि बहिणीकडे पोचलाच नव्हता. इतके दिवस ते नांदेड, परभणी, सोयरेधायरे धुंडत फिरले होते. ठाण्यात त्यांना ते काळे फोटो दाखवले होते. दीर म्हणाला, "फोटोवाल्याकडं मोठा करून घ्या म्हणले, मग दिसंल."

मी फोटो पुढे ठेवला. तिने तो उजेडाकडे धरला, फिरवला, उलटा केला.

"यात तोंड कुठं हाय, बाप्पा?"

"हे बनियन. त्याच्या वर."

"वर तर काईच न्हाई." तिने फोटो खाली ठेवला. "ठाण्यातले म्हणतेत, आमी निरखून बघितलं न्हाई, फोटोवाल्यानं बघितलं. तूच हुतास ना? मग एकच सांग. त्यांच्या उजव्या कानाची पाळी चिरलेली हाय. लहानपणी बाळी हुती कानात, एडक्याच्या शिंगात अडकली अन् चिरली. त्या माणसाची चिरलेली हुती का?"

दीर म्हणाला, "वहिनी, बसा जरा. पाणी घ्या."

"बसायला न्हाई आले मी. बायका माझ्या बांगड्यांकडं बघून राहिल्यात गावात. व्हय म्हण न्हाईतर न्हाई म्हण, बाप्पा. मी दोन्हीला तयारी करून आले."

पडद्यामागे दादा होते. लाल दिव्याचा उजेड खालून दिसत होता आणि ट्रे हलवण्याचा आवाज थांबला होता. मी पाहिलं नाही, एवढं म्हणणं पुरेसं होतं. ते म्हटलं असतं तर काय झालं असतं? तिने मला शिव्या घातल्या असत्या, दिराने कॉलर धरली असती, बाळापुरात छी-थू झाली असती. हे सगळं माझ्या मनात येऊन गेलं, खोटं कशाला सांगू. आणि तिच्या हातातल्या हिरव्या बांगड्या मला दिसत होत्या. पुढे जे बोललो त्याला मी दया समजलो.

"न्हाई," मी म्हणालो. "कान चांगला होता. दोन्ही चांगले होते."

"बराबर बघितलंस?"

"बराबर बघितलं."

ती खाली बसली, जिथे उभी होती तिथेच, उंबऱ्याला पाठ लावून. "मी म्हणले हुते ना, भावजी," ती दिराला म्हणत राहिली, "मी म्हणले हुते." मग उठून तिने माझ्या तोंडावरून दोन्ही हात फिरवले आणि स्वतःच्या कानशिलावर बोटं मोडली. तिच्या हातांना लोकरीचा आणि दुधाचा वास होता, स्वच्छ वास. या वेळी समोर जिवंत, आनंदाने रडणारी बाई होती आणि मला किळस येत होती ती तिच्या हातांखालच्या तोंडाची.

दुपारी माय ताटं वाढायला लागली. दादा आले, टोपलीतून आपली भाकरी घेतली, ताट उचललं आणि मागच्या अंगणात जाऊन न्हाणीपाशी बसले.

माय म्हणाली, "काहून? घरात जागा पुरंना का आज?"

"हितं वारा हाय."

वारा नव्हता. पान हलत नव्हतं. त्या दिवसापासून दादा माझ्या शेजारी जेवायला बसले नाहीत, निदान मला आठवतं तोवर नाही. माझ्याशी बोलायचे, काम सांगायचे, तापात रात्रभर उशाशी बसले, पण ताट वेगळं. मी त्यांच्या हातच्या भाकरीला शिवत नव्हतो तेव्हा त्यांना कसं वाटत असेल ते मला असं कळलं. तरीही त्यांनी स्वतः जाऊन त्या बाईला खरं सांगितलं नाही. का नाही, ते मी कधी विचारलं नाही. कदाचित मीच जाऊन सांगेन याची ते वाट पाहत असावेत.

कौसाबाई मग बाजाराच्या दिवशी अधूनमधून येऊ लागली. पळसाच्या पानात बांधलेला लोण्याचा गोळा आणायची, कारण मी तिला चांगला शब्द दिला होता. "काई कळलं का रे, बाप्पा? तुमच्याकडं लोक येतेत दूरदूरचे." कुणी परळीला दिसला म्हटलं की ती परळीला जायची, हैदराबादला दिसला म्हटलं की तिकडे. लेकरू काखेत घेऊन. तिचं लोणी मी मागच्या दाराने कुत्र्याला घालायचो आणि माय विचारायची, अन्न आहे, त्याला काय झालंय. पुढे तिच्या माहेरच्यांनी तिचा पाट लावायचं ठरवलं होतं, औंढ्याकडचा चांगला माणूस होता, बायको गेलेला. हे तिनेच मला दुकानात बसून सांगितलं, हसत सांगितलं. "म्हणलं, माझा नवरा जित्ता हाय अन् तुमी दुसरा काहून बघून राहिलाव? फोटोवाल्यानं डोळ्यानं बघितलंय म्हणलं." मी तेव्हा कुणाच्या तरी पासपोर्ट फोटोच्या कडा कापत होतो. कापत राहिलो.

इथे वाचणाऱ्याला वाटेल की तो माणूस कदाचित खरंच तिचा नवरा नसेल. मलाही तसं वाटतं, काही दिवस. करंजाखाली पडलेल्या त्या माणसाचा कान मी आठवायचा प्रयत्न करतो, पण जे पाहिलंच नाही ते आठवणार कुठून? कधी स्वप्नात तो चिरलेला असतो, कधी अखंड. तो दुसरा कुणी असेल तर मग कुठल्या तरी दुसऱ्या घरात दुसरी कुणी बाई आहे, आणि तिच्याशी मी निदान खोटं बोललो नाही, एवढंच.

दादा गेले. रंगीत रिळं आली, हिंगोलीत मोठ्या मशिनी आल्या, काळे-पांढरे कागद मिळेनासे झाले. मातीचा कॅमेरा मी कुणाला दिला नाही आणि वापरलाही नाही. आणि एका सकाळी कौसाबाई मुलाला घेऊन दुकानात आली. पोरगा उंच झाला होता, पुण्याकडे कंपनीत कामाला निघाला होता. जायच्या आधी मायलेकाचा एक फोटो हवा होता. तिचे केस पांढरे झाले होते. कपाळावर कुंकू रुपयाएवढं, हातात हिरव्या बांगड्या भरगच्च.

आज सांगायचंच, असं मी ठरवलं. पोरगा जाणता झाला आहे, तिच्या शेजारी उभा आहे, ती पडली तर तो धरेल. मी दुकानाचं दार लोटून घेतलं, स्टँड लावला, तोंड धुऊन आलो. "कौसाबाई, एक बोलायचं होतं," एवढं माझ्या तोंडून निघालंही.

"आधी फोटो काढ, बाप्पा. गाडी हाय त्याची," ती म्हणाली. पडद्यापुढे तिने मुलाला उजवीकडे उभं केलं, स्वतः डावीकडे गेली आणि मध्ये एक माणूस मावेल एवढी जागा सोडून उभी राहिली. मुलगा तिच्याकडे सरकायला लागला तशी ती त्याला म्हणाली, "तिथंच थांब." मग माझ्याकडे बघून विचारलं, "ते आल्यावर त्यांचा फोटो लावता येईल ना रे हितं, मधात?"

"येईल," मी म्हणालो.

ती जागा धरली तर मायलेक कॅमेऱ्याच्या काचेत कडेला कापले जात होते. मी स्टँड उचलून थोडा मागे घेतला, म्हणजे मधली जागाही पूर्ण बसली.